हरळीच्या मागं तीनशे किलोमीटर

"पॉइंट कुठं निघाला?"

मी मान वर केली. बांधावर शेजारचे अप्पा उभे होते, हात पाठीमागं बांधून. मार्च 2016. माझ्या हातात लोखंडी दांड्याची काठी, नजर जमिनीवर, दहा पावलं इकडं, दहा पावलं तिकडं, मधेच थांबून वाकून बघणं. त्या वर्षी लातूरच्या शिवारात असा हिंडणारा माणूस एकच असायचा, पाणाड्या. नारळवाले, काठीवाले, यंत्रवाले, नाना तऱ्हेचे पाणाडे त्या उन्हाळ्यात येऊन गेले. लोक सात-सातशे फूट बोअर मारायचे आणि धुराळा बघून गाडी परत पाठवायचे.

मी हुडकत होतो गोल्फचा चेंडू. पण ते अप्पांना कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणालो, "नाही अजून. बघायलाव."

दोन दिवसांनी त्यांचा नातू दुकानात आला. "आबा म्हणायलेत, आमच्याबी रानात एक चक्कर मारून जा म्हणावं."

माझं दुकान ठिबक, तुषार आणि पीव्हीसी पाईपचं. डिसेंबर 2015 मध्ये कंपनीनं विक्रेत्यांची बैठक पुण्यात घेतली. दुपारच्या जेवणानंतर 'काहीतरी वेगळं' म्हणून आम्हा चाळीस जणांना बसमध्ये घालून गोल्फचे फटके मारायच्या मैदानावर नेलं. आयुष्यात विटी-दांडूपलीकडं मी काही खेळलेलो नाही. पहिले अकरा फटके हवेत गेले. बीडचा एक दोस्त म्हणाला, "अरे, चेंडूला बी थोडा वारा लागू दे की." बाराव्याला काय झालं माहीत नाही. हाताला काही जाणवलंच नाही, नुसता 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि चेंडू सरळ वर गेला, बराच वेळ वरच राहिला. पुढचे तीस पुन्हा जमिनीतून सरपटत गेले. तो बारावा मात्र बसमध्ये, जेवताना, परतीच्या रेल्वेत डोक्यातून गेला नाही. ज्याला हा रोग जडला त्याला हे सांगायची गरज नाही, ज्याला जडला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

जानेवारीत जुन्या सात क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, संच घेतला. नियमानं चौदापर्यंत बाळगता येतात, पण मधल्या पल्ल्याची एक सेव्हन आयर्न आणि होलजवळ हलकेच मारायचा एक पटर एवढ्यावर वर्ष निघतं. सरावाला शेत होतंच. रब्बी पेरलीच नव्हती, त्यामुळं पाच एकर रान मोकळं पडलेलं. एरवी हरभरा असता तर आईनं चेंडूसकट मला बाहेर काढलं असतं. दुष्काळानं मला सरावाचं मैदान दिलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण झालं तसंच.

काळ्या मातीत गोल्फ खेळायची एक अडचण असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या वर्षी तर मनगट आत जाईल एवढ्या पडल्या होत्या. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर. चांगला बसलेला फटका शंभर पावलांवर पडायचा, एक टप्पा घ्यायचा आणि धरणीमाय पोटात घ्यायची. पुढं नियमांचं पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की मैदानाच्या समितीनं खूण करून ठेवली नसेल तर भेगेत पडलेल्या चेंडूला फुकट सूट नाही. उंदरा-घुशीच्या बिळातून मिळते, भेगेतून नाही. नियम करणाऱ्यांच्या देशात भेगा पडत नसाव्यात. चेंडू हुडकायला तेव्हा पाच मिनिटं मिळायची, 2019 पासून तीनच. आमच्या रानात तीन तास मिळाले तरी कमी. आमचे सालगडी मामा भेगेत तुराटी घालून चेंडू उकरून काढायचे. मी चेंडूमागं दहा रुपये लावल्यावर त्यांचा नातूही कामाला लागला, आणि मला शंका आहे की काही चेंडू तो आदल्या दिवशी हुडकून दुसऱ्या दिवशी 'सापडवत' असे.

मग एप्रिल आला. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पुढं पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला 25 लाख लिटर. गल्लीत टँकरपाशी घागरींच्या रांगा. उच्च न्यायालयानं त्याच महिन्यात आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले, मैदानावर मारायच्या पाण्यावरून. टीव्हीवर कुठलीशी गोल्फ स्पर्धा लागली होती, हिरवंगार सगळं. आमची ही काही बोलली नाही, फक्त रिमोट उचलून चॅनल बदललं. मी संच माळ्यावर टाकला. सप्टेंबरात पाऊस झोडपून पडला, तेव्हा खाली काढला.

खऱ्या मैदानावर पहिलं पाऊल पडलं ते पुण्यात, येरवड्याच्या जुन्या पूना क्लबच्या गोल्फ मैदानावर. कंपनीचे एक साहेब तिथं पाहुणा म्हणून घेऊन गेले. अठरा होल, म्हणजे चेंडू पाडायचे अठरा खड्डे, जुनी थोरली झाडं, डोक्यावरून लोहगावची विमानं. पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवर, उभा राहिलो तर मागं चार जण वाट बघत थांबलेले. शेतात आपल्याला फक्त गडी बघतो. इथं चार अनोळखी माणसं हाताची घडी घालून बघतात तेव्हा गुडघे आपले राहत नाहीत. पहिला चेंडू झाडीत, दुसरा झाडाच्या खोडावर आपटून परत माझ्याकडं. काठ्यांची पिशवी घेऊन सोबत फिरणारा कॅडी पोरगेला होता, त्यानं शांतपणे सांगितलं, "सर, झाडाशी भांडू नका. आधी बाहेर काढा, मग पुढचं बघू." त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच. शेवटी 134 फटके झाले, तेही त्यानं मोजताना डोळेझाक केली म्हणून.

पण मला त्या दिवसाची आठवण फटक्यांसाठी नाही. चौथ्या की पाचव्या होलला ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पट (होलकडचा हलका फटका) मारायला खाली बसलो, हात टेकला आणि बोटांना ओळख पटली. गाठीगाठीनं जमिनीलगत पसरलेली दोरी, प्रत्येक गाठीला मूळ, बारीक पातं. मी कॅडीला विचारलं, "ही हरळी ना रे?"

"सर, बर्म्युडा म्हणतात."

क्लबातला माळीबाबा पाईप गुंडाळत होता, तो हसला. "हरळीच की ती साहेब. दूर्वा. नाव विलायती लावलंय."

हरळी! आमच्या वडिलांचं अर्धं आयुष्य तिच्याशी मारामारीत गेलं. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं फोडायची, बायकांनी मागून वेचायचं, बांधावर ढीग लावून वाळवायचं, जाळायचं. एक पेर राहिलं की पावसाळ्यात पुन्हा हातभर. वडील म्हणायचे, हरळी आणि भाऊबंदकी, एकदा रानात शिरली की निघत नाही. आणि इथं त्याच हरळीच्या निवडक आणि संकरित जातींना रोज कापतात, विंचरतात, खत देतात, त्यावर नाजूक पावलांनी चाला म्हणतात. ग्रीनवरची हरळी तर तीन-चार मिलिमीटरवर कापलेली, गालिच्यासारखी. मी बराच वेळ हात टेकून बसलो. साहेबांना वाटलं मी उतार वाचतोय.

माळीबाबाशी ओळख वाढवली. धंदाच तो, तुषारचं नोझल बघितल्याशिवाय माझा पाय निघत नाही. कोलकात्याच्या गोल्फपटू चौरसियाची गोष्ट मला त्यानंच पहिल्यांदा सांगितली. वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनची निगा राखणारे, आणि पोरानं 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. हे सांगताना माळीबाबाचा चेहरा असा होता की जणू घरातलाच पोरगा.

परतीच्या रेल्वेत मात्र एक हिशेब मांडला आणि मांडायला नको होता असं झालं. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण चार हजार लिटर, हे मी शेतकऱ्यांना रोज सांगतो. भर उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं तर दिवसाला पाच मिलिमीटर धरा, म्हणजे एकरी वीस हजार. अठरा होलचं मैदान शंभर-सव्वाशे एकरांचं असतं. सव्वाशे गुणिले वीस हजार, 25 लाख. मिरजेहून आलेली आख्खी गाडी. एका दिवसाची. सगळ्या एकरांना पाणी देत नाहीत, झाडीत आणि रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, कुणी तुषार लावत नाही, आणि पुष्कळ मैदानं शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात, हे मला ठाऊक आहे. तरी आकडा जुळला तो जुळलाच. तो कागद अजून पाकिटात आहे. खेळणं मी सोडलं नाही, हेही खरं.

मधल्या काळात आणखी एका शहरात गेलो होतो, नाव घेत नाही. कॉलर नसलेला टी-शर्ट घातला म्हणून दारातच अडवलं. तिथल्याच दुकानातून कॉलरचा घ्यावा लागला, किंमत ऐकून वाटलं की एवढ्यात अर्ध्या एकराची ठिबकची लॅटरल आली असती. तो टी-शर्ट आता फवारणीला घालतो.

हैदराबाद लातूरहून पुण्याएवढंच, तीनशे किलोमीटरच्या आसपास. मन मात्र तिकडं लवकर पोचतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमची राजधानी तीच. आजोबांच्या जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत. हैदराबाद गोल्फ क्लबचं मैदान गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात, तटबंदीच्या आत. 1687 साली आठ महिने वेढा घालून औरंगजेबानं हा किल्ला घेतला, आणि कायमचा विसावला आमच्या खुलताबादेत. तटाकडं बघत टी-ऑफ करताना हे डोक्यात येतंच. फेअरवेच्या, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्याच्या, कडेला हत्तीएवढे धोंडे, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. एक चेंडू असा एका धोंड्यावर आदळला आणि माझ्या डोक्यावरून मागं गेला. नियमाप्रमाणं तो जिथं पडला तिथूनच पुढचा फटका, म्हणजे मी एक फटका मारून वीस पावलं मागं सरकलो होतो.

तिथला कॅडी पन्नाशी ओलांडलेला होता, दखनी बोलणारा. मला ती भाषा लहानपणापासून कानात आहे, उदगीरच्या बाजारात निम्मे व्यवहार तीतच चालायचे. ग्रीनवर मी पटर डोळ्यासमोर लोंबकळत धरून, एक डोळा मिटून, टीव्हीवर बघितलेलं सगळं करत होतो. तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "इत्ता नक्को करो साब. बारिश गिरी तो पानी किधर कू जाता, वो देखो. गेंद बी उधरीच जाती."

एवढं साधं! पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रानात उतार बघत हिंडतोय, मेन लाईन कुठून न्यायची, दाब कुठं कमी पडेल, चारी कुठं काढायची. पाणी कुठं जाईल हे मला बघावं लागत नाही, पायांनाच कळतं. मी पटर खाली ठेवला आणि ग्रीनभोवती एक चक्कर मारली, अगदी कोटेशन द्यायला गेल्यासारखी. पंधरा फुटांवरून मारलेला चेंडू डावीकडं वळत वळत गेला आणि होलच्या काठावर थांबला. पडला नाही. पण कॅडी म्हणाला, "हौ! अब समझे." त्या दिवशी 117. आणि तीन पट लागलेले होल फक्त चार. खेळणाऱ्याला त्यातलं सुख कळेल.

सगळ्यात चांगला खेळ झाला तो मात्र एका लष्करी छावणीतल्या नऊ होलच्या मैदानावर. मावसभाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, त्याच्या ओळखीनं. तिथं ग्रीन नव्हतेच, होते ब्राउन. वाळूत जुनं इंजिन ऑइल मिसळून, चोपून गोल केलेला अंगणाएवढा तुकडा. खेळून झालं की एक जण पोत्याची पट्टी ओढत फिरवतो, पावलांचे ठसे बुजवतो, मग पुढचे येतात. फेअरवे म्हणजे मुरूम, कुसळं, कडेला बाभळी. पुण्याहून आलेला एक जण कपाळाला हात लावून उभा होता. त्याचा उंच चेंडू ब्राउनच्या अलीकडच्या मुरमावर पडायचा आणि रबरी चेंडूसारखा उडून पलीकडच्या बाभळीत जायचा. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. कडक जमिनीवर चेंडू किती पळतो हे मी पाच एकरांत, दहा रुपयांच्या दरानं शिकलो होतो. तीस-चाळीस पावलं अलीकडंच टाकायचा आणि पळू द्यायचा. नऊ होलमध्ये 49. पायात दोन काटे. मावसभाऊ म्हणाला, "दादा, तू गोल्फ खेळत नाहीस, तू पाणी सोडायलास."

खारघरला गेलो जुलैत, आणि ती चूक की नशीब हे अजून ठरलेलं नाही. सिडकोनं बांधलेलं हे मैदान सार्वजनिक आहे. पैसे भरा, खेळा. आमच्यासारख्या ओळखीपाळखी नसलेल्याला ही मोठी गोष्ट. डोंगरांच्या कुशीत मैदान, शेजारच्या कड्यावरून पांडवकडा धबधबा कोसळतोय. पाऊस थांबला म्हणून सुरू केलं तर तिसऱ्या होलला पुन्हा सुरू. फेअरवेवर जागोजागी पाणी साचलेलं, माझा चेंडू अशाच एका डबक्यात जाऊन बसला.

जोडीदार म्हणाला, "उचला उचला. तात्पुरतं पाणी आहे. फुकट सूट मिळते."

मी दोनदा विचारलं. खरंच तसा नियम आहे. मैदानावर पावसाचं पाणी साचलं आणि त्याची खेळाडूला अडचण झाली, तर दंड न घेता कोरड्या जागी चेंडू टाकायचा. लातूरचा माणूस, पाण्याची अडचण झाली म्हणून सूट घेतोय! आमच्याकडं असं साचलं तर लोक ओटी भरायला जातात. मी चेंडू उचलला, पुसला, कोरड्यात टाकला आणि फटका तुफान चुकवला. कार्ड भिजून लगदा झालं, त्यामुळं त्या दिवसाचा आकडा कुणाकडंच नाही.

एवढं फिरल्यावर शेतातल्या आखाड्यावर स्वतःचं एक ग्रीन असावं असं वाटू लागलं. ठिबकच्या फिल्टरची टाकी धुताना जे पाणी वाया जातं, त्याच्या तोंडाशी वीस बाय वीस फुटांचा तुकडा आखला. चांगलं पाणी एक थेंब नाही, हे आईला आधी शपथेवर सांगितलं. बियाणं आणायची गरज नव्हती, बांधावरच्या हरळीची पेरं तोडून लावली. ती लावताना आई ओट्यावर बसून बघत होती. तिनं फक्त वडिलांच्या फोटोकडं एकदा बघितलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

होलला पाईप हवा. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. हे माप आलं स्कॉटलंडमधल्या मसलबर्गच्या 1829 सालच्या होल पाडायच्या हत्यारावरून, आणि 1891 मध्ये ते सगळ्यांसाठी ठरलं. तिथं हाताशी असलेल्या मोरीच्या पाईपवरून ते आलं अशी दंतकथा आहे. मला ती खरी वाटते, कारण पाईपवाला माणूस हाताशी असेल तेच वापरतो. माझ्या दुकानात 110 मिलिमीटरचा पाईप होता. आतून थोडा कमी भरतो, पण घरच्या सरावाला होल जरा बारीकच असलेला बरा. वीतभर तुकडा कापला आणि पुरला.

पावसाळ्यात हरळी धरली. कैचीनं, मग दाढीच्या जुन्या मशिननं कापली, हसू नका. दिवाळीपर्यंत चेंडू बऱ्यापैकी पळायला लागला. संध्याकाळी दुकान बंद करून अर्धा तास तिथं गेला की दिवसाची उधारी विसरायची.

जानेवारीत चार दिवस पुण्याला गेलो. येरवड्याला पहिल्यांदा शंभराच्या आत, 98. हे कुणाला तरी सांगावं म्हणून सरळ आखाड्यावर आलो, पिशवी खांद्यावरच. वीस बाय वीस फूट काळीभोर माती, भुसभुशीत, एकसारखी, वखर मारल्यासारखी. बांधावर हरळीचा ढीग वाळत घातलेला. मामा खुरपं धुऊन येत होते, खूष होते.

"तिकडं लई हरळी माजली होती मालक. तुमाला येळ नाही म्हणून म्या आन् नातवानं दोन दिस लावून मुळासगट काढली. एक पेर ठिवलं नाही."

मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून चार चेंडू काढून माझ्या हातावर ठेवले, चाळीस रुपयांसाठी थांबले, आणि म्हणाले, "पाईप तेवढा तसाच ठिवलाय. कामाचा हाय म्हणून."